आठ बोल्टांवरचे लाल ठिपके

तिला सगळे ठिणगी म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याने तिला जवळून पाहिलेलं असणार. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असे आणि तिथून उडी मारायला त्याला फारसं निमित्तही लागत नसे. नवरा शिंपी होता, गरीब गाय. तो म्हणे, आमच्या घरात इस्त्री विकत घ्यायची गरजच नव्हती, कपडे हिच्यासमोर धरले असते तरी चाललं असतं.

अठरा वर्षं ती एका गॅरेजात इंजिनं बांधत होती. गाड्या दुरुस्त करणारे पैशाला पासरी मिळतात. अख्खं इंजिन सुटं करून, पुसून, मापून पुन्हा जोडणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच, आणि त्या भागात त्यातलं एक बोट ठिणगीचं होतं. तिची एक पद्धत होती. चार पिस्टनच्या चार दांड्या खाली एका जाड वळणदार दांड्याला, म्हणजे क्रँकला, पकडलेल्या असतात. प्रत्येक दांडीला दोन बोल्ट, चार दांड्यांना आठ. हे आठ बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळावे लागतात, आणि तेवढा जोर लागला की टॉर्क पाना ‘टक्’ असा आवाज करतो. टक् झालं की ठिणगी पाना बाजूला ठेवायची, खिशातून नेलपॉलिशची बाटली काढायची आणि बोल्टच्या कडेवर, अर्धा बोल्टवर अर्धा खालच्या लोखंडावर, असा एक लाल ठिपका द्यायची. पुढे कुणी तो बोल्ट फिरवला तर ठिपका मधोमध तुटणार. नखांना लावायला म्हणून तिने आयुष्यात नेलपॉलिश घेतलं नाही, कारण तिची नखं कायम काळी. दुकानदारीण मात्र दर दोन महिन्यांनी एक बाटली खपते म्हणून तिला मोठी शौकीन समजायची.

अशा बाईला गॅरेजच्या मालकाने हाकलून दिलं होतं. तिने बांधलेलं एका मास्तरांच्या गाडीचं इंजिन अकरा दिवसांत ठोठो करायला लागलं. मालकाने गाडी उचलून खालचा चेंबर, म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचं तेलाचं पात्र, काढून पाहिला आणि सगळ्यांदेखत सांगितलं की बाईने बोल्ट आवळलाच नाही. वर म्हणाला, ये, वाक आणि स्वतः बघ, नाहीतर चालती हो. ठिणगी वाकली नाही. तुमच्या गाडीखाली वाकायला मी अजून एवढी खाली आलेली नाही, असं म्हणून तिने अंगातला डगला काढला, त्याच्या पायाशी टाकला आणि चालती झाली. मालकाने चेंबर परत लावला, मास्तरांचे पैसे परत केले, आणि मास्तर एवढे वैतागले की गाडी ओढत घरी नेऊन त्यांनी तिच्यावर ताडपत्री टाकली ती टाकलीच.

इथवर झालं असतं तर एक वेळ समजू. पण मालक एवढ्यावर थांबला नाही. त्या भागातल्या एकेका गॅरेजात जाऊन त्याने सांगितलं की ही बाई पिऊन काम करते. अहो, जिला खोकल्याच्या औषधाचा वास सहन होत नाही तिच्याबद्दल! अकरा गॅरेजांत तिने काम मागितलं आणि अकरा ठिकाणी लोकांनी तिच्या तोंडाकडे न बघता नाही म्हटलं. शेवटी एका मोठ्या लाँड्रीत कपडे धुण्याच्या यंत्रांचे पट्टे बदलायचं काम मिळालं. दोन बस बदलून जायचं, दोन बदलून यायचं. आणि वाटेत, बसच्या डाव्या बाजूला, ते गॅरेज. ती मुद्दाम डाव्या खिडकीशी बसायची. दारात किती गाड्या उभ्या आहेत ते मोजायची, आणि कमी दिसल्या की तिचा दिवस बरा जायचा.

सहा वर्षं तिने हा डूख जपला. पाहुणे आले, कुणाकडे जेवायला गेलं, की कुणीतरी म्हणायचंच, ठिणगे, ती मालकाची गोष्ट सांग. मग ती सांगायची. हाकलल्याची नव्हे, त्याच्या आधीची. गॅरेजात हेडमिस्त्रीची जागा निघाली आणि मालकाने ती लांब्याला दिली. लांब्या म्हणजे तेव्हा तीनच वर्षांपूर्वी आलेला उंच माणूस, ज्याला कार्ब्युरेटर साफ करायला सकाळ पुरायची नाही. बातमी आली तेव्हा ठिणगी इंजिनावर वाकलेली होती. हातातला पाना तिने तिथल्या तिथे ठेवला, तशीच काळ्या हातांनी जिना चढली, ऑफिसात शिरली आणि मालकाच्या टेबलावरच्या पांढऱ्याशुभ्र कापडावर दोन्ही पंजे दाबून उमटवले. म्हणाली, हे अठरा वर्षांचे हात आहेत, लांब्याचे असे दोन आणून दाखवा. तासभर तिने त्याला असा सोलून काढला की मालकाचं तोंड पडलं. मग ताठ मानेने जिना उतरून खाली आली. गोष्ट इथे संपायची आणि ऐकणारे हसून हसून लोळायचे. नणंदेचा नवरा तर दर वेळी टाळ्या वाजवायचा.

तर अशी सहा वर्षं गेल्यावर एके दिवशी मास्तर शिंप्याच्या दुकानात पँट अल्टर करायला आले आणि सहज बोलून गेले की ती गाडी भंगारात घालतोय, घरापुढची जागा मोकळी करायची आहे. शिंप्याने घरी येऊन हे सांगितलं मात्र, ठिणगीची पोळी तव्यावरच राहिली. तिला वाटलं, त्या चेंबरच्या आत माझी अब्रू बंद आहे. तिच्या डोक्यात सगळं पक्कं होतं: तिने बंद केलेलं इंजिन तिच्या माघारी मालकाने उघडलं असणार, नवं बेअरिंग काढून जुनं घातलं असणार आणि बोल्ट नीट न आवळता चेंबर लावला असणार. तसं असेल तर ठिपके तुटलेले दिसणार. तुटलेला ठिपका खोटं बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने गाडी भंगाराच्या भावात घेतली. पण ओढून आणण्याआधी गाडीखाली सरपटत गेली, चेंबरचा सांधा पेट्रोलने पुसला, त्यावर चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि मास्तरांना वाकायला लावून पट्टीवर त्यांच्या सह्या घेतल्या. उद्या कुणी म्हणायला नको की हिनेच आत काहीतरी केलं. मास्तरांची पाठ दोन दिवस धरली, पण त्यांनीही सह्या मोठ्या उत्साहाने केल्या.

आता गाडी नुसती पुरावा म्हणून दारात ठेवायला ती काही राजघराण्यातली नव्हती. तिला ती रोज लाँड्रीत न्यायची होती. म्हणजे इंजिन कमीत कमी खर्चात नव्याने बांधायचं, आणि त्याच कामात मालकाचं नाक कापायचं. तिने एक वही केली. पहिल्या पानावर लिहिलं, ‘घ्यायचंच’. त्यात पिस्टनच्या रिंगा, बेअरिंगं, गॅस्केटचा संच, तेलाचा पंप. पंपावर दोन दिवस विचार केला, कारण तो महाग होता, पण जुना पंप ठेवून इंजिन बांधणं म्हणजे आजारी माणसाला नवे कपडे घालणं. दुसऱ्या पानावर, ‘घासून चालेल’. व्हॉल्व्ह ती स्वतः हाताने घासणार होती. सिलिंडर मोठे करायचा खर्च टळेल असं तिला वाटत होतं, गाडी फार चाललेली नव्हती. क्रँक मात्र लेथवर द्यावाच लागणार. पाण्याचे पाइप तिने लाँड्रीच्या अडगळीतून सांगून-सवरून मिळवले. नवऱ्याच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये इंजिन ठेवायचा घोडा जुन्या पलंगाच्या लोखंडी पट्ट्यांचा केला, आणि तो नवऱ्याचाच पलंग होता. बिचारा आठवडाभर जमिनीवर झोपला आणि चकार शब्द बोलला नाही. तिसऱ्या पानावर तिने ठळक लिहिलं, ‘मालकाला दाखवायचं’, आणि त्याखाली काहीच लिहिलं नाही. जे दिसेल ते तिथे उतरणार होतं.

क्रँकसाठी ती लेथवाल्या काकांकडे गेली. म्हातारा कसबी माणूस, सगळी गॅरेजं त्याच्याकडेच लोखंड तासायला पाठवत. तो सरळ बोलला. ‘पोरी, तुझ्या हाताबद्दल मला शंका नाही. पण लोक शंका घेतात. तेवढं नाव धुऊन आण. मग माझ्याकडे येणारी निम्मी इंजिनं मी तुझ्या शेडवर पाठवतो. तुला लाँड्री बघायला नको.’

घ्या! म्हणजे आता नुसता सूड नव्हता, पुढचं सगळं आयुष्य त्या चेंबरमध्ये होतं. ठिणगीने काकांना रविवारी सकाळी दहाला यायचं आमंत्रण दिलं, मास्तरांना दिलं आणि मालकाला नवऱ्याच्या हस्ते चिठ्ठी पाठवली की तुम्ही म्हणाला होतात वाकून बघ, आता या, मी तुमच्यासमोर उघडते. नवरा जाताना म्हणाला, ‘अगं, तो नाही आला तर?’ ती म्हणाली, नाही आला तर भित्रा, आला तर खोटा, दोन्हीकडून आपलंच. शिंप्याला हे काही फार पटलं नाही, पण चिठ्ठी त्याने पोचवली.

मालक आला. शेडमध्ये तो शिरला तेव्हा ठिणगीला पहिल्यांदा ओळखू येईना, एवढा वाळला होता. शर्ट मात्र तसाच पांढरा, खिशाला चष्मा अडकवलेला. शिंप्याने सगळ्यांना स्टुलं दिली, चहा दिला. मधोमध घोड्यावर इंजिन उलटं ठेवलेलं होतं, पोट वर. मास्तरांनी आपल्या सह्या तपासल्या आणि सगळ्या शाबूत आहेत म्हणून जाहीर केलं. ठिणगीने पट्टी फाडली, चेंबरचे स्क्रू काढले आणि तो उचलून बाजूला ठेवला. जुन्या जळक्या तेलाचा वास शेडभर झाला. तिने डिझेलच्या फडक्याने एकेक दांडी पुसायला घेतली.

पहिल्या दांडीचे दोन्ही ठिपके अखंड निघाले. चौथीचेही. लाल रंग थोडा तपकिरी झाला होता, पण जागचा हललेला नव्हता. दुसरीचेही दोन. सहा झाले. ती मोठ्याने मोजत होती आणि प्रत्येक आकड्याला मालकाकडे बघत होती. मालक चहा पीत होता. राहिली तिसरी, आणि ठोका तिसरीतच होता. पहिला बोल्ट पुसला, ठिपका अखंड. सात. तिने दुसऱ्यावरून फडकं फिरवलं आणि तिथे काहीच नव्हतं.

तिने पुन्हा पुसलं. मग अंगठ्याने घासलं. ठिपका तुटला असता तर अर्धा बोल्टवर, अर्धा लोखंडावर राहिला असता. तिथे अर्धाही नव्हता, चौथाईही नव्हता, कोरं लोखंड होतं. आणि अंगठ्याखाली बोल्ट फिरला. पान्याशिवाय, नुसत्या अंगठ्याने.

कुणाच्या हातून सात बोल्ट आवळून आठवा राहतो? कुठल्या इंजिनावर पाना ठेवून ती जिना चढली होती? सहा वर्षं ती ती गोष्ट सांगत आली, पण ते इंजिन कुणाचं होतं हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिने स्वतःलाही कधी विचारलं नाही. खाली आली तेव्हा तिचा ऊर भरून आला होता, डोक्यात मालकाचं पडलेलं तोंड नाचत होतं, आणि त्याच धुंदीत तिने चेंबर उचलून लावून टाकला होता.  तिने बोल्ट अंगठ्याने उलटा फिरवला, पुन्हा सुलटा फिरवला.

‘काय झालं बाई?’ मास्तरांनी विचारलं.

तिची पाठ सगळ्यांकडे होती. खिशात नेलपॉलिशची बाटली होती आणि हातात स्क्रूड्रायव्हर. खोटं नाही सांगत, तिला मोह झाला. स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या लोखंडावर एकदा ओढलं की झालं. म्हणायचं, बघा, इथे ठिपका होता, कुणीतरी खरवडून काढलाय. काकांनी मान डोलावली असती, मास्तरांनी मालकाला शिव्या दिल्या असत्या, सहा वर्षांचं उट्टं निघालं असतं आणि सोमवारपासून इंजिनं यायला लागली असती. तिने टोक टेकवलंसुद्धा. पण बाकीचे सात ठिपके तिच्या डोळ्यांसमोर होते. अठरा वर्षांत टक् ऐकल्याशिवाय तिने एक ठिपका दिलेला नव्हता, तोच तर तिचा शब्द होता, आणि त्या सातांच्या शेजारी हे खोटं खरवडायला तिचा हात धजेना. तिला स्वतःचाच असा संताप आला की आयुष्यात मालकाचाही तेवढा आला नसेल.

‘मालक,’ ती म्हणाली, ‘इकडे या. वाका आणि बघा.’

मालक उठला. इंजिनावर वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. मग सरळ झाला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, ‘मला काही नीट दिसत नाही. चष्मा आणलेला नाही.’

चष्मा त्याच्या खिशाला होता, सगळ्यांना दिसत होता. ठिणगीच्या डोक्यात तिडीक गेली. हा माणूस हसला असता, चार शब्द बोलला असता, तर तिने ते सोसलं असतं, तिची ती तयारी होती. पण ज्याला सहा वर्षं मनातल्या मनात रोज मातीत घातला, त्याने दया करायची? तिने हात पुढे केला, चष्मा त्याच्या खिशातून काढला, उघडला आणि त्याच्या हातात कोंबला.

‘आता बघा. आणि मोठ्याने सांगा.’

मालकाने चष्मा लावला. ‘आठव्याला ठिपका नाही,’ तो हळूच म्हणाला. ‘कधी लागलाच नव्हता.’

मास्तर स्टुलावर खाली बसले. शिंप्याने हातातला कप आवाज न करता ठेवला. ठिणगी मास्तरांकडे वळली आणि तुमच्या गाडीचं वाटोळं मी केलं, असं सरळ कबूल करून मोकळी झाली. मग तिने वही घेतली, ‘मालकाला दाखवायचं’ लिहिलेलं तिसरं पान फाडलं, उलटं केलं आणि पाठीवर भराभर अकरा गॅरेजांची नावं लिहिली.

‘बोल्ट माझा,’ ती म्हणाली. ‘पण मी पिऊन काम करते हे कुणाचं? रागाच्या भरात मी एक बोल्ट विसरले, आणि रागाच्या भरात तुम्ही अकरा दारं हिंडलात. माझं मी चारचौघांत उघडून दाखवलं. आता तुमचं तुम्ही उघडा. यादी घ्या.’

मालक काकांकडे बघायला लागला. काका म्हणाले, मलाही तू तेच सांगितलं होतंस, म्हणजे बारावा मीच. मालकाने कागदाची घडी केली, चष्म्याच्या खिशात ठेवली आणि चहा अर्धा टाकून गेला. पुढच्या महिन्याभरात तो नऊ गॅरेजांत जाऊन आला असं कानावर आलं. दोन राहिली आहेत. ती कुठली ते ठिणगीला तोंडपाठ आहे आणि बस सोडून गाडीने जायला लागल्यावरही ती त्या दोन्हींसमोर वेग कमी करून आत बघते.

गाडी बांधून झाली ती ठरवल्याप्रमाणे, वहीबाहेर एक वस्तू न घेता. सिलिंडर खरंच मोठे करावे लागले नाहीत. क्रँक तासून परत देताना काकांनी निम्म्या इंजिनांचा विषय काढला नाही आणि तिनेही आठवण दिली नाही. फक्त चेंबर लावायच्या दिवशी म्हातारा आपण होऊन शेडवर आला, चष्मा पुसला आणि आठ ठिपके बोट लावून मोजले. पुढच्या आठवड्यात एक इंजिन आलं, मग महिनाभराने दुसरं. तेवढंच.

नव्या इंजिनावरची पहिली लांब फेरी नणंदेच्या घरी झाली. जेवणं झाली, भांडी उचलली गेली, आणि नणंदेच्या नवऱ्याने पाय लांब करून फर्माईश केली, ‘वहिनी, ती मालकाची गोष्ट होऊन जाऊ दे.’ शिंप्याने घाईघाईने हवापाण्याचा विषय काढला. पण ठिणगीने पदराला हात पुसले आणि सुरुवात केली. लांब्या सांगितला, पाना ठेवला, जिना चढली, पांढऱ्या कापडावर पंजे उमटवले. सगळे नेहमीच्या जागी हसले. नणंदेच्या नवऱ्याने टाळीसाठी हात उचलले.

‘मग मी ताठ मानेने खाली आले,’ ती म्हणाली, ‘आणि चेंबर लावून टाकला. सात बोल्ट आवळले होते. आठवा राहिला होता.’

उचललेले हात तसेच राहिले. नणंदेने नवऱ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. ठिणगी उठली आणि गाडी गरम करायला बाहेर गेली.